राठकेशी उंदराचं घराणं नेमकं कोणतं?

सह्याद्रीत पालीची नवी जाती सापडली, कोकणात खेकड्याची नवी जाती सापडली, अशा बातम्या आता दर महिन्या-दोन महिन्यांनी वाचायला मिळतात. वाचून कुणीतरी हमखास विचारतं, ‘नवी म्हणजे काय? काल ती पाल तिथे नव्हती का?’ प्रश्न खवचट असला तरी रास्त आहे. पाल होतीच. गावातल्या चार माणसांनी ती पाहिलेलीही असणार. मग नवं काय झालं?

हे समजून घ्यायला मी मुद्दाम लांबचा प्राणी घेतलाय. घरच्या प्राण्यांबद्दल आपली मतं आधीच पक्की झालेली असतात. हा आहे पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरांमधला एक उंदीर. त्याला मराठीत नाव नाही, असण्याचं कारणही नाही. त्याचे केस राठ असतात म्हणून या लेखापुरतं त्याला राठकेशी उंदीर म्हणू. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत या उंदराचं नाव बदललं, घराणं बदललं, एकाचे अनेक झाले, आणि हिशेब अजून मिटलेला नाही. या सगळ्या काळात उंदीर मात्र डोंगरावर गवतात मुंग्या शोधत फिरत होता.

आधी उंदीर पाहू

आकाराने तो आपल्या घरातल्या छोट्या उंदराहून मोठा, घुशीहून पुष्कळच लहान. वजन साधारण पन्नास ग्रॅमच्या आगेमागे. शेपूट अंगापेक्षा आखूड. पोट नारिंगी-तांबूस. पाठ दुरून गडद तपकिरी दिसते, पण एकेक केस सुटा करून पाहिला तर टोकाजवळ काळ्या रंगात एक पिवळसर ठिपका असतो. असे हजारो केस एकत्र आले की पाठीवर हळद भुरभुरल्यासारखं दिसतं. केस काट्यासारखे टोचत नाहीत, पण मऊही नसतात. बुटाच्या ब्रशवरून बोट फिरवून बघा, साधारण तसं.

बहुतेक उंदीर दाण्यांवर जगतात, हा मात्र मुंग्या, किडे, गांडुळं यांवर ताव मारतो. त्याची आणखी एक खोड म्हणजे कातडी. ती इतकी नाजूक असते की हातात धरताना फाटते. शेपूटही चटकन तुटते. संशोधकांच्या सापळ्यात सापडणाऱ्यांपैकी बरेच जण आधीच लांडे झालेले असतात. ही कातडी लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

नावात दोन शब्द का?

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. आपल्या उंदराचं एक नाव आहे लोफ्युरोमिस फ्लॅव्होपंक्टॅटस. पहिला शब्द वंशाचा, दुसरा जातीचा. फ्लॅव्होपंक्टॅटस म्हणजे लॅटिनमध्ये ‘पिवळ्या ठिपक्यांचा’. लोफ्युरोमिसमधला ‘मिस’ हा ग्रीक शब्द, अर्थ उंदीर. लॅटिनमध्ये तोच ‘मस’, आणि आपल्याकडे संस्कृतातून आलेला ‘मूषक’. तिन्हींचं मूळ एकच. गणपतीचं वाहन आणि किलिमांजारोवरचा उंदीर निदान शब्दाने तरी भाऊबंद आहेत.

इथे मराठीपुरती एक अडचण आहे, ती सांगून टाकतो. वर्तमानपत्रं ज्याला ‘प्रजाती’ म्हणतात त्याला मराठी विश्वकोशात ‘जाती’ म्हटलंय, आणि विश्वकोशातली ‘प्रजाती’ म्हणजे त्याच्या वरची पायरी. दोन्हीकडचं वाचणारा माणूस गोंधळतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. म्हणून या लेखात एकच ठरवू: आपसात प्रजा वाढवणाऱ्या सारख्या प्राण्यांचा गट ती जाती, जवळच्या जातींचा मिळून वंश, वंशांचं मिळून उपकुल, उपकुलांचं मिळून कुल. यापुढे नवी परिभाषा फारशी येणार नाही.

ही उतरंड समजावताना बरेचदा पोस्टाच्या पत्त्याची उपमा देतात: जिल्हा, तालुका, गाव, घर. मला ती पटत नाही. पत्ता सांगतो तुम्ही राहता कुठे. वर्गीकरण सांगतं तुम्ही कुणाचे कोण. त्यापेक्षा कुलवृत्तान्त जवळचा. मूळ पुरुष, त्याची मुलं, त्यांच्या शाखा, कोकणात राहिलेली एक, देशावर गेलेली दुसरी. कुलवृत्तान्तात शेजारी छापलेली दोन माणसं दिसायला सारखी असतीलच असं नाही, आणि जुळ्यासारखी दिसणारी दोन माणसं तीनशे पानांच्या अंतरावर असू शकतात. वर्गीकरणातली सगळी भांडणं याच जागी होतात.

दिसण्यावर गेलं की काय होतं, हे मराठी माणसाला चिचुंद्री शिकवते. रात्री स्वयंपाकघरात चिकचिक करत भिंतीच्या कडेने पळणारी, लांब नाकाची, उग्र वासाची. आपण तिला सर्रास उंदरात धरतो. पण ती उंदीर नाहीच. उंदरांच्या गणाची (गण म्हणजे कुलाच्या वरची पायरी), म्हणजे कृंतकांची, खूण म्हणजे पुढचे कायम वाढत राहणारे पटाशीचे दात, आणि तसे तिला नसतात. तिचे जवळचे नातेवाईक म्हणजे साळूसारखे दिसणारे पण साळू नसलेले छोटे काटेरी हेजहॉग. उलट, उंदराशी काहीच साम्य नसलेलं साळिंदर मात्र पक्कं कृंतक. खारही तशीच. सस्तन प्राण्यांच्या एकूण जातींपैकी जवळजवळ चाळीस टक्के कृंतक आहेत, त्यामुळे या गणाचा कुलवृत्तान्त फार जाड आहे आणि त्यात चुकाही भरपूर आहेत.

दातांनी केलेली फसवणूक

एकोणिसाव्या शतकात उंदीर ओळखायचा तो कवटीवरून आणि दाढांवरून. कारण साधं आहे. कातडी किडते, रंग उडतो, दाढा राहतात. घरातल्या उंदराच्या वरच्या दाढेवर उंचवट्यांच्या तीन उभ्या रांगा असतात. ज्याच्या दाढा अशा, तो ‘खऱ्या उंदरांच्या’ उपकुलातला, असा रिवाज पडला. राठकेशी उंदराच्या दाढाही तशाच. त्याच्या काटेरी चुलत्याच्याही, म्हणजे अंगावर अक्षरशः काटे असलेल्या ॲकोमिस या उंदराच्याही तशाच. झालं. दोघांना घरच्या उंदराच्या शाखेत टाकलं आणि शंभरेक वर्षं फारशी कुणी शंका घेतली नाही.

एक तिसरा उंदीर मात्र खटकत होता. काँगोच्या जंगलातला, लांब पायांचा, तांबूस रंगाचा डिओमिस. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले ओल्डफील्ड थॉमस यांनी १८८८ साली त्याचं वर्णन केलं. या गृहस्थांनी आयुष्यात दोन हजारांहून जास्त प्राण्यांना नावं दिली, म्हणजे बारशांचा विक्रमच. त्यांना डिओमिसच्या दाढा पाहून वाटलं की हा दोन वेगवेगळ्या घराण्यांना जोडणारा दुवा असावा. इंग्रजीत त्याचं एक नाव आजही ‘लिंक रॅट’ असंच आहे. पुढे त्याला वेलींवर चढणाऱ्या आफ्रिकी उंदरांच्या घरात ठेवलं गेलं.

मग १९९३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी काटेरी उंदराचा डीएनए तपासला. आजच्यासारखी अक्षर-न्-अक्षर वाचण्याची सोय तेव्हा स्वस्त नव्हती. त्यांची युक्ती वेगळी होती, आणि मला ती फार आवडते. डीएनए म्हणजे पिशवीच्या चेनसारखे एकमेकांत अडकलेले दोन धागे. गरम केले की चेन उघडते, थंड केले की पुन्हा लागते. आता दोन वेगवेगळ्या प्राण्यांचे सुटे धागे एकत्र करून थंड केले तर ते एकमेकांत अडकायला बघतात. दोघं जवळचे नातलग असतील तर दाते नीट बसतात आणि चेन उघडायला जास्त आच लागते. नातं लांबचं असेल तर जागोजाग दाते चुकतात आणि थोड्याशा उष्णतेने चेन सुटते. म्हणजे हातात थर्मामीटर घेऊन नातं मोजायचं.

काटेरी उंदराची चेन घरच्या उंदराशी नीट लागेना. ती लागली जर्बिलशी. जर्बिल म्हणजे माळरानावरचा, लांब मागच्या पायांचा, शेपटीला झुपका असलेला उंदीर. आपल्याकडेही शेतांच्या बांधावर, कोरड्या माळावर त्याची बिळं असतात. दाढांवरून कुणीच हे नातं सांगितलं नसतं.

नंतर इतरांनी जनुकांचे तुकडे थेट वाचले आणि चित्र स्पष्ट होत गेलं. काटेरी उंदीर, राठकेशी उंदीर, तो ‘दुवा’ समजला गेलेला डिओमिस आणि राठकेशीसारखाच ब्रशकेसांचा आणखी एक आफ्रिकी उंदीर युरॅनोमिस, असे चार वंश एका शाखेचे निघाले. या उपकुलाला डिओमायनी हे नाव मिळालं. नावही नवं पाडावं लागलं नाही. थॉमसनी १८८८ मध्येच ते वापरलेलं होतं, ते जुन्या कपाटातून काढून झटकून घेतलं. ही शाखा आणि जर्बिल सख्खे चुलत, आणि दोघांची वाट घरच्या उंदराच्या वाटेपासून दोन कोटी वर्षांच्या आगेमागे वेगळी झालेली.

मग त्या तीन रांगांच्या दाढा? दोन्ही शाखांमध्ये त्या स्वतंत्रपणे तयार झाल्या. कोकणातला आणि केरळातला माणूस, दोघं पावसाला कंटाळून उतरत्या छपराची घरं बांधतात, त्यावरून ते एका आजोबांचे नातू ठरत नाहीत. खाणं सारखं, चावणं सारखं, तर दाढ सारखी. उत्क्रांतीत हे इतकं नेहमीचं आहे की फक्त एका अवयवावरून नातं सांगणाऱ्याकडे आता थोडं संशयानेच पाहतात.

एका नावाखाली किती उंदीर?

घराण्याचा प्रश्न मिटला, आता घरातल्या वाटण्या. इथे किलिमांजारोवर जाऊ.

१८८०च्या दशकाच्या अखेरीस विल्यम ॲबट नावाच्या अमेरिकी संग्राहकाने किलिमांजारोच्या परिसरातून बरेच प्राणी गोळा करून वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठवले. तिथल्या फ्रेडरिक ट्रू यांनी १८९२ मध्ये त्यांची यादी केली आणि त्यातल्या एका गडद उंदराला नाव दिलं मस ॲक्विलस. ॲक्विलस म्हणजे काळसर. ‘मस’ हा घरच्या उंदराचा वंश. तेव्हा हा वंश म्हणजे अडगळीची खोली होती, न कळलेला उंदीर तिथे टाकायचा.

पुढे तो मसमधून लोफ्युरोमिसमध्ये गेला. आज त्याचं पूर्ण नाव असं लिहितात: लोफ्युरोमिस ॲक्विलस (ट्रू, १८९२). कंस छपाईच्या हौसेने आलेला नाही. कंस असेल तर समजायचं की नाव देणाऱ्याने प्राणी वेगळ्या वंशात ठेवला होता, नंतर वंश बदलला. लोफ्युरोमिस फ्लॅव्होपंक्टॅटस थॉमस, १८८८ इथे कंस नाही, म्हणजे थॉमसनी ठेवलेला वंश तसाच आहे. सातबाऱ्यावर फेरफाराचा नंबर असतो ना, तसाच हा कंस. बघणाऱ्याला कळतं की इथे काहीतरी उलाढाल झालीय.

यानंतर विसाव्या शतकाचा मोठा भाग एकत्र कुटुंबाचा. इथिओपियापासून खाली मोझांबिकपर्यंत जिथे जिथे पिवळे ठिपके दिसले तिथला उंदीर फ्लॅव्होपंक्टॅटस, असं म्हणायची पद्धत पडली. नावांचा नियम असा की दोन नावं एकाच प्राण्याची निघाली तर जुनं नाव टिकतं. थॉमसचं १८८८ चं, ट्रूचं १८९२ चं. चार वर्षांच्या फरकाने किलिमांजारोचा उंदीर आपलं नाव गमावून बसला.

गंमत नकाशात आहे. हा उंदीर थंड, ओलसर उंच भागात रमतो. किलिमांजारो (५,८९५ मीटर) आणि मेरू पर्वत (४,५६६ मीटर) यांच्यात साधारण सत्तर किलोमीटरचं अंतर. दोन्हींच्या उतारांवर दाट हिरवळ, मध्ये कोरडं, गवताळ, तापलेलं रान. चार-पाच इंच लांबीच्या, मुंग्या खाणाऱ्या, गवतातून सरपटणाऱ्या जिवाला ते रान म्हणजे समुद्रच. हवामान पालटलं की जंगल कधी खाली उतरतं, कधी वर सरकतं, मध्येच बेटं जोडली जातात, मग पुन्हा तुटतात. हजारो पिढ्या हे चाललं की प्रत्येक माथ्यावरचा उंदीर आपापल्या वाटेने बदलत जातो.

बेल्जियमच्या अँटवर्प विद्यापीठातले वॉल्टर व्हेरहेयन आणि त्यांचे सहकारी, यांत टांझानियाच्या मोरोगोरोतल्या सोकोइने कृषी विद्यापीठातले संशोधकही होते, अनेक वर्षं या माथ्यांवरचे उंदीर मोजत बसले. कवटीची लांबी, दाढांच्या रांगेची लांबी, शेपूट, पाऊल, जोडीला डीएनए. २००७ मध्ये त्यांनी ॲक्विलसला किलिमांजारोचा स्वतंत्र उंदीर म्हणून त्याचं नाव परत दिलं आणि त्याबरोबर पाच नव्या जाती मांडल्या. हनांग पर्वत, रुंग्वे पर्वत, उसांबाराच्या डोंगररांगा, अशा एकेका उंचवट्यावरची एकेक. नावं पाहिलीत तर मकुंडिई, मचांगुई, किलोंझोई, सबुनिई आणि स्टॅन्लेयी. पहिली चार टांझानियाच्या उंदीर-संशोधकांवरून. आफ्रिकेतल्या प्राण्यांच्या नावांमध्ये युरोपातल्या लाटसाहेबांची इतकी गर्दी आहे की हे वाचून बरं वाटतं. त्याच सुमारास इथिओपियातूनही नव्या जाती जाहीर झाल्या. आज लोफ्युरोमिस वंशात तिसांहून जास्त जाती धरतात.

तर ‘नवी जाती’ याचा अर्थ हा. पूर्वी एका नावावर चालणारं खातं तपासलं आणि त्यात अनेक स्वतंत्र खाती निघाली. काल प्राणी होता, नोंद नव्हती.

ही नुसती हौसेची फोड नाही कशावरून?

हा आक्षेप बाहेरचेच घेतात असं नाही, शास्त्रज्ञही आपसात यावरून भांडतात. त्यांच्यात सरळ दोन तट आहेत: वाटण्या करणारे आणि एकत्र ठेवणारे. पहिल्यांना प्रत्येक डोंगरावर वेगळी जाती दिसते, दुसरे म्हणतात की कोल्हापूरची मिसळ आणि पुण्याची मिसळ वेगळी असली तरी दोन्ही मिसळच.

जातीची एक पाठ्यपुस्तकी व्याख्या आहे: आपसात संकर होऊन सुदृढ, प्रजननक्षम पिल्लं होतात ती एक जाती. किलिमांजारो आणि मेरूच्या उंदरांना ही कसोटी लावणार कशी? ते भेटतच नाहीत. पिंजऱ्यात एकत्र ठेवले तर जे होईल ते पिंजऱ्यातलं, डोंगरावरचं नव्हे. म्हणून पुरावे गोळा करायचे. मापं काय म्हणतात, डीएनए काय म्हणतो, रंगसूत्रं काय म्हणतात. इथिओपियातल्या काही राठकेशी जातींत ७० रंगसूत्रं आहेत आणि तिथल्याच दुसऱ्या एका जातीत ५४. एवढी तफावत असेल तर एकत्र ठेवणाऱ्यांनाही गप्प बसावं लागतं. पण जिथे मापं एकमेकांत मिसळतात आणि डीएनएतला फरक बारीक असतो, तिथे वाद राहतो. टांझानिया-केनियातल्या काही जातींबद्दल तो आजही चालू आहे, आणि उद्या त्यातली एखादी पुन्हा ॲक्विलसमध्ये विलीन झाली तर मला नवल वाटणार नाही.

डीएनए तपासला की वाद संपत नाही?

नाही. उलट नवे निघतात.

पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. बहुतेक सगळा केंद्रकात, तो आईवडील दोघांकडून येतो. थोडासा मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरात, तो फक्त आईकडून. आपलं आडनाव बापाकडून येतं, हे आईकडून येणारं आडनाव समजा. हा छोटा डीएनए वाचायला सोपा, म्हणून बरीच वर्षं त्याच्यावरच भिस्त होती.

पण आडनावावरून रक्ताचं नातं सांगता येतं का? दत्तक गेलेल्या मुलाचं काय? आडनाव एका घरचं, रक्त दुसऱ्या घरचं. इथिओपियाच्या राठकेशी उंदरांमध्ये नेमकं हेच दिसलं. तिथे या गटाच्या नऊ जाती धरतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात केंद्रकातल्या डीएनएचे हजारो ठिकाणचे तुकडे तपासले, तेव्हा त्यावरून निघणारी वंशावळ आणि आईकडच्या डीएनएची वंशावळ जुळेना. पूर्वी कधीतरी दोन जातींच्या सीमा भेटल्या, संकर झाला, एकीकडचं ‘आडनाव’ दुसरीकडे शिरलं आणि तिथेच राहिलं. संकरातून आलेलं बाकीचं रक्त पिढ्यांमागून पिढ्या पातळ होत गेलं.

याचा अर्थ कुलवृत्तान्ताचं झाड हे चित्रसुद्धा पुरेसं नाही. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा चिकटत नाहीत. इथे मात्र फांद्या वडाच्या पारंब्यांसारख्या एकमेकांत गुंतलेल्या आहेत.

नावं सारखी बदलतात, मग विश्वास कसा ठेवायचा?

संग्रहालयात उंदीर कसा ठेवतात हे पाहिलं की उत्तर मिळतं. कातडी सोलून आत कापूस भरलेला, पाय लांब केलेले, शेपटीत तार घातलेली, आणि पायाला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी. चिठ्ठीवर कुठे सापडला, किती उंचीवर, कोणत्या तारखेला, वजन, मापं. कवटी वेगळ्या डबीत. जातीचं नाव ज्या एका नमुन्यावरून दिलं जातं तो नमुना प्रमाण मानतात, बाजारातल्या शिक्क्याच्या वजनासारखा. उद्या कुणी म्हणालं की हनांगचा उंदीर आणि किलिमांजारोचा उंदीर एकच, तर त्याला त्या दोन नमुन्यांपुढे बसून ते दाखवावं लागतं.

नाव बदललं तर जुनी चिठ्ठी फाडत नाहीत. तिच्याच दोऱ्याला नवी जोडतात. एखाद्या जुन्या उंदराच्या पायाला तीन-चार चिठ्ठ्या लोंबत असतात. ज्याला ही धरसोड वाटते त्याने उलटा विचार करावा: हे दप्तर कुणालाही उघडून तपासता येतं, आणि चूक कुणी, कधी, कशावरून केली हे त्यातच लिहिलेलं असतं. इतकं पारदर्शक दप्तर आपल्याला रोजच्या व्यवहारात कुठे भेटतं?

एवढ्याशा उंदराचं घराणं कळून फायदा काय?

आता ती नाजूक कातडी. २०१२ मध्ये ॲशली सीफर्ट आणि सहकाऱ्यांनी केनियातल्या काटेरी उंदरांवरचं काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलं. या उंदरांची कातडी साध्या उंदराच्या मानाने वीसेक पट कमजोर. शत्रूने पकडलं की कातडी त्याच्या तोंडात सोडून पळ काढायचा. पाठीची साठ टक्क्यांपर्यंत कातडी गेली तरी ते जगतात. नवल पुढे आहे. जखम व्रण न राहता भरते, केसांसकट. कानाला पाडलेलं भोक कूर्चेसकट बुजतं. प्रयोगशाळेतल्या साध्या उंदराला हे जमत नाही, आपल्यालाही नाही.

हा जर घरच्या उंदराचा सख्खा असता, तर प्रश्न असा पडला असता: भावाला येतं ते भावाला का येत नाही? पण तो जर्बिलच्या बाजूचा आहे. मग तुलना कुणाशी करायची हेच बदलतं. साध्या उंदराबरोबर जर्बिलही तपासायला हवा, आणि काटेरीच्या शाखेतले सगळे, म्हणजे आपला राठकेशीही. त्याचीही कातडी फाटते, शेपूट तुटते. घराणं चुकीचं लिहिलेलं असतं तर राठकेशीकडे या कामासाठी कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

२०२३ मध्ये याच शाखेने आणखी एक धक्का दिला. संग्रहालयातले जुने नमुने क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनरमध्ये घालून त्यांच्या त्रिमितीय प्रतिमा काढण्याचं मोठं काम अमेरिकेत चालू होतं. त्यात एका काटेरी उंदराची शेपूट विचित्र गडद दिसली. नीट पाहिलं तर शेपटीच्या कातडीखाली हाडांच्या खवल्यांचं चिलखत. असं कातडीतलं हाड मगरीत असतं, सस्तन प्राण्यांत आजच्या काळात फक्त आर्मडिलोत माहीत होतं. मग बाकीच्या वंशांच्या शेपट्या तपासल्या, आणि डिओमायनी शाखेतल्या इतरांतही ते मिळालं. राठकेशीतही. इतकी वर्षं हे उंदीर खणांत पडून होते, शेपटीच्या आत कुणी डोकावलं नव्हतं.

रोगांचा हिशेबही यातच येतो. टांझानियात पश्चिम उसांबारातल्या लुशोटो भागात १९८० पासून बरीच वर्षं प्लेगच्या साथी येत होत्या. कोणत्या उंदरावर कोणती पिसू, तो घरात येतो की रानातच राहतो, हे पाहायचं तर आधी उंदीर कोणता ते ठरायला हवं. १८९७ चा पुण्याचा प्लेग आणि १९९४ मध्ये बीड जिल्ह्यात पसरलेली धास्ती ज्यांनी ऐकली-पाहिली आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिवाय खाणारे आहेत. इथिओपियाच्या बाले पर्वतात उघड्या थंड पठारावर काळ्या नखांचा एक राठकेशी उंदीर राहतो, दिवसा हिंडणारा. तिथला इथिओपियन लांडगा, जगात उरलेले प्रौढ मोजून पाचशेच्या आसपास, जवळजवळ पूर्णपणे उंदरांवर जगतो आणि त्याच्या ताटात हाही असतो. तो फ्लॅव्होपंक्टॅटसच्या मोठ्या खात्यात बुडाला असता तर कागदावर त्याची संख्या ‘पूर्व आफ्रिकेत सर्वत्र मुबलक’ अशीच लागली असती. वेगळा धरला की दिसतं, त्याच्याकडे एवढंच पठार आहे.

पठारावरचा उंदीर म्हटल्यावर सिंहगड आठवतोच. १९७५ साली मिश्रा आणि धांडा यांनी मऊ केसांच्या मिलार्डिया या वंशाची फेरतपासणी करताना सिंहगडाच्या पठारावरचा एक थोराड उंदीर वेगळा काढला. गडाच्या जुन्या नावावरून त्याचं नाव मिलार्डिया कोंडाना. तोवर तोही बहुधा शेतातल्या साध्या मऊकेशी उंदरात मोजला गेला असणार. आज तो संकटग्रस्त यादीत आहे. रविवारी गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायला जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं की आपण टाकलेल्या कागदी ताटल्यांपासून काही पावलांवर, झुडपांच्या मुळाशी, गडाचंच नाव लावणारा एक उंदीर राहतो.